निजामी राज्यातून निघालेला विद्यार्थी : एका भाषांतराची पूर्वपीठिका

१

जुलमी राजवटीच्या कचाट्यातून निसटलेल्या तरुणाची हकीकत सांगताना सांगणाऱ्याचे लक्ष साहजिकच दोन गोष्टींवर खिळून राहते : ज्या जाचातून तो सुटला तो जाच, आणि ज्या धैर्याने किंवा युक्तीने तो सुटला ते धैर्य वा ती युक्ती. सीमा ओलांडली की हकीकत आटोपते. इतिहासकाराला आणि चरित्रकाराला एवढे पुष्कळदा पुरतेही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र प्रश्न पडावयास सुरुवात होते ती सीमेच्या पलीकडे. हा तरुण ज्या प्रदेशात येऊन पोहोचला तेथे त्याने कोणती भाषा आपलीशी केली? त्या भाषेत त्याने काय वाचले? आणि दिवस पालटल्यावर तो आपल्या लोकांत परतला तेव्हा बरोबर काय घेऊन आला? सुटका ही शारीरिक घटना खरी. परंतु तिचे मोल सुटलेल्याच्या मनात पुढे काय रुजले यावरूनच ठरते.

या प्रश्नांच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे एक उदाहरण मराठी आणि तेलुगू या शेजारी भाषांच्या संबंधांत आढळते. १९३८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानातील महाविद्यालयांतून 'वंदे मातरम्' म्हटल्याच्या अपराधाबद्दल शेकडो विद्यार्थ्यांची हकालपट्टी झाली आणि त्यांतील पुष्कळांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. त्या विद्यार्थ्यांत वरंगळकडील एक सतरा वर्षांचा तेलुगूभाषक तरुण होता. पी. व्ही. नरसिंह राव हे त्याचे नाव. हा तरुण १९९१ ते १९९६ या काळात भारताचा पंतप्रधान होता, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्याने तेलुगूत अनुवाद केला आणि तो 'अबला जीवितमु' या नावाने साहित्य अकादमीने प्रसिद्ध केला, ही गोष्ट त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते. या दोन घटनांच्या, म्हणजे हकालपट्टीच्या आणि भाषांतराच्या, मधले अंतर कसे काटले गेले ते पाहणे उद्‌बोधक आहे.

२

विद्यार्थी पळाले ते कशापासून, हे प्रथम नीट समजून घ्यावयास हवे. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. क्षेत्रफळ ८२,००० चौरस मैलांहून अधिक, लोकसंख्या सुमारे दीड कोटी, जिल्हे सोळा : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन. प्रजेपैकी जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे चतुर्थांश मराठी, आणि उरलेल्यांत कानडी व उर्दू बोलणारे मुख्य. १९११ साली गादीवर आलेले सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या अमदानीत दरबार, कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण या सर्व ठिकाणी उर्दूचे अधिराज्य होते.

हे अधिराज्य केवळ जबरदस्तीचे होते असे म्हटल्यास चित्र अपुरे राहील. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हा हिंदुस्थानच्या शैक्षणिक इतिहासातील एक मोठा प्रयोग होता. बाकीची विद्यापीठे इंग्रजीची पालखी वाहत असताना येथे विज्ञान, कायदा, वैद्यक हे विषय एका देशी भाषेतून शिकविले जात होते. त्याकरिता स्वतंत्र भाषांतरसंस्था स्थापण्यात आली होती. परिभाषा घडविण्यात आली होती. पाठ्यपुस्तकांची भाषांतरे होत होती. तत्त्व उदात्त होते. विसंगती एवढीच होती, आणि ती लहान नव्हती, की ही देशी भाषा बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नव्हती. औरंगाबादचा मराठी मुलगा, वरंगळचा तेलुगू मुलगा आणि गुलबर्ग्याचा कानडी मुलगा हे तिघेही परभाषेतूनच शिकत. आणि ही परभाषा तुमच्याच देशाची आहे असे त्यांना वर सांगण्यात येई.

याच्या जोडीला नागरी स्वातंत्र्याचा अभाव होता. गश्ती निशान ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभांना सरकारी पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. वर्तमानपत्रे, खासगी शाळा, वाचनालये या सर्वांकडे संशयाने पाहिले जाई. याचा परिणाम असा झाला की राजकीय आकांक्षांना भाषिक व सांस्कृतिक संस्थांचा आडोसा शोधावा लागला. १९३० साली जोगीपेठ येथे आंध्र महासभेचे आणि १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते याच आडोशाने. जेथे राज्यकारभारावर बोलता येत नाही तेथे माणसे आपल्या भाषेविषयी बोलू लागतात, आणि भाषेविषयी बोलता बोलताच राज्यकारभारापर्यंत येऊन पोहोचतात. हैदराबाद संस्थानातील साहित्यसभा, ग्रंथालये आणि राजकारण एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, याचे कारण हेच.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली, आणि रीतसर स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ त्याच आठवड्यात सत्याग्रही म्हणून पुढे झाले. गांधीजींच्या सल्ल्यावरून हा सत्याग्रह डिसेंबरअखेर स्थगित झाला. परंतु तत्पूर्वीच चळवळ वसतिगृहांत जाऊन पोहोचली होती.

३

विद्यार्थ्यांची चळवळ औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहापासून सुरू झाली आणि काही दिवसांतच उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात, वरंगळ, गुलबर्गा येथील महाविद्यालयांत पसरली. वरवर पाहता मागणी अगदी लहान होती : संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीत 'वंदे मातरम्' म्हणू द्यावे. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. आणि त्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली.

बंकिमचंद्रांच्या 'आनंदमठ' या १८८२ च्या कादंबरीतील या गीताविषयी मतभेद होते, हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. मुस्लिम समाजातून घेतल्या गेलेल्या आक्षेपांची दखल घेऊनच काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ मध्ये राष्ट्रीय समारंभांत गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरविले होते. हैदराबादच्या प्रश्नाला मात्र आणखी एक बाजू होती. तेथे वाद गीताच्या अर्थाइतकाच गाण्याच्या हक्काचा होता. कोणत्या शब्दांनी प्रार्थना करावी हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ठरवावयाचे की सरकारने, हा प्रश्न होता. संस्थानातील लढ्याला हिंदू प्रजा विरुद्ध मुसलमान राजा एवढाच अर्थ देणाऱ्यांनी दोन नावे आठवावीत. उर्दूतील थोर कवी मख्दूम मोहिउद्दीन याच राजवटीविरुद्ध उर्दूतूनच लिहीत होता. आणि 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान याने संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याची हत्या झाली. भाषा कोणाचीच बटीक नसते. ती दरबाराच्या कामी येते तशीच दरबाराविरुद्धही उभी राहते.

हकालपट्टीचा अर्थ त्या मुलांच्या दृष्टीने काय होता याची कल्पना आज करणे कठीण आहे. संस्थानात विद्यापीठ एकच होते. त्याचे दार बंद झाले की वकिली, नोकरी, अध्यापन या सर्व वाटा बंद झाल्या. बाहेर जावे तर बाहेरची विद्यापीठे इंग्रजी माध्यमाची; आणि शिवाय शिस्तभंगाचा शिक्का बसलेल्या विद्यार्थ्याला घ्यावयास कोणतेही विद्यापीठ सहजी तयार होत नाही. क्षमापत्र लिहून देऊन परत जावे की शिक्षणावर पाणी सोडावे, असा पेच होता. तो ज्याने सोडविला त्या विद्यापीठाचा उल्लेख कृतज्ञतेने करावयास हवा. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात प्रवेश दिला.

या घटनेत एक ऐतिहासिक उपहास दडलेला आहे. नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती त्याचे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड. आणि त्यांतील वऱ्हाडावर नावापुरते स्वामित्व निजामाचेच होते. १८५३ साली इंग्रजांच्या हाती गेलेला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने दिला गेलेला हा मुलूख १९३६ च्या करारातही कागदोपत्री निजामाचाच राहिला, आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. म्हणजे मुलांना आसरा देणारा प्रांत अर्धामुर्धा त्यांच्याच राजाचा होता. दुसरे असे की ते एका गुलामीतून निघून दुसरीत शिरत होते. नागपूरवरही राज्य इंग्रजांचेच होते. परंतु १९३७ पासून तेथे लोकनियुक्त मंत्रिमंडळ होते, सभा भरत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती. पारतंत्र्याच्याही प्रती असतात, आणि तरुण माणसाच्या आयुष्यात एका प्रतीचा फरकही पुष्कळ काही घडवून जातो.

त्याच वर्षांत जगात इतरत्रही अशा दारांची उघडझाप चालली होती. हिटलरने विद्यापीठांतून हाकलून दिलेल्या विद्वानांसाठी १९३३ साली न्यूयॉर्कच्या 'न्यू स्कूल'ने निर्वासितांचे विद्यापीठ म्हणून एक शाखाच उघडली होती. २ डिसेंबर १९३८ रोजी, हैदराबादची वसतिगृहे धुमसत असतानाच, जर्मनीतील ज्यू मुलांची पहिली तुकडी इंग्लंडच्या हारिच बंदरात उतरली. त्या मुलांवरील संकट प्राणांतिक होते. हैदराबादच्या विद्यार्थ्यांवरील संकटाशी त्याची बरोबरी करणे अनुचित ठरेल. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. पळणाऱ्याचे धैर्य एकट्याने पुरे पडत नाही. पलीकडे कोणीतरी दार उघडावे लागते. सुटकेच्या कथांतून हा दार उघडणारा बहुधा गाळला जातो. नागपूरचा निर्णय हैदराबादच्या इतिहासात एका ओळीत आटोपतो तो याच सवयीमुळे.

४

नरसिंह राव यांचा जन्म २८ जून १९२१ चा. वरंगळकडील लकनेपल्ली हे जन्मगाव. दत्तक गेल्यामुळे वाढले ते करीमनगर जिल्ह्यातील वंगरा या खेड्यात. हणमकोंड्याच्या महाविद्यालयात शिकत असताना 'वंदे मातरम्'च्या चळवळीत त्यांचे नाव पटावरून गेले. वरंगळच्या बाजूने नागपूरकडे जाणारा लोहमार्ग काझीपेठ, बल्लारशा, चांदा असा जातो. अंतर तीनशे मैलांच्या आतले. या तीनशे मैलांत राजा बदलत होता, शिक्षणाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी होत होते, आणि रस्त्यावरची भाषा तेलुगूची मराठी होत होती.

नागपूर विद्यापीठाची इंटरमीजिएट परीक्षा देऊन ते पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात आले आणि विज्ञानाचे पदवीधर झाले. पुढे पुन्हा नागपुरास जाऊन त्यांनी कायद्याची पदवी घेतली. निर्वासित विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर मराठी ही त्याच्या अभ्यासक्रमाची भाषा कधीच नव्हती. तिच्यातून त्याला परीक्षा द्यावयाची नव्हती, नोकरी मिळवावयाची नव्हती. ती खानावळीची, बाजाराची, मित्रमंडळींची आणि वाचनालयाची भाषा होती. उर्दू त्याला राज्याने शिकविली, इंग्रजी विद्यापीठाने शिकविली; मराठी मात्र त्याने आसऱ्याच्या प्रदेशात राहता राहता घेतली. तिन्ही भाषांत पुढे तो निष्णात झाला, परंतु वाङ्मयीन ऋण फेडण्याची वेळ आली तेव्हा भाषांतरासाठी त्याने निवडलेली कादंबरी मराठी होती, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सक्तीने मिळालेली भाषा माणसाच्या उपयोगी पडते. आपखुशीने घेतलेल्या भाषेशी त्याचे नाते जडते.

पुणे हे हरिभाऊ आपट्यांचे गाव. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांतील वाडे, आळ्या, सोवळी-ओवळी ही याच शहरातली. फर्गसनपासून थोड्याच अंतरावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, आणि तेथील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याला ज्यांनी मोठे अर्थसाहाय्य दिले त्यांत हैदराबादच्या निजामाचीही गणना होते. मंदिराच्या आवारात त्याच्या नावाचे अतिथिगृह उभे आहे. आपल्या राज्यात एका गीतासाठी मुलांना महाविद्यालयाबाहेर काढणारा राजा शेजारच्या प्रांतात महाभारताच्या प्रकाशनाला हातभार लावतो, यात ढोंगच पाहिले पाहिजे असे नाही. विद्येला दान देणे आणि विद्यार्थ्याला स्वातंत्र्य देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि सत्तेला पहिली गोष्ट दुसरीपेक्षा नेहमीच सोपी वाटते.

१९४७-४८ मध्ये हैदराबादचा प्रश्न निकराला आला. रझाकारांचा उच्छाद माजला आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सीमेबाहेरच्या तळांवरून काम करू लागले. नरसिंह राव चांद्याच्या तळावर होते. दहा वर्षांपूर्वी ज्या वाटेने ते विद्यार्थी म्हणून बाहेर पडले होते त्याच वाटेवरचे हे ठाणे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि बाहेर गेलेले लोक घरी परतले. वरंगळहून निघणाऱ्या 'काकतीय पत्रिका' या तेलुगू साप्ताहिकात पामुलपर्ती सदाशिव राव यांच्याबरोबर 'जय-विजय' या जोडनावाने नरसिंह रावांनी लेखन केले. येथे सुटकेची हकीकत संपते, आणि भाषांतरकाराची सुरू होते.

५

'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १८९३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला तिचा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही. परंतु हैदराबादहून निसटून आलेल्या वाचकाच्या नजरेने ती पाहिली म्हणजे तिच्या रचनेतील एक गोष्ट ठळकपणे वर येते. ही कादंबरी एका राजवटीचीच कथा आहे. फक्त ते राज्य चार भिंतींच्या आतले आहे. यमूच्या सासरी काय बोलावे, केव्हा बोलावे, काय वाचावे, कोणासमोर उभे राहावे याचे अलिखित परिपत्रक आहे. त्या राज्यात शंकरमामंजींसारखा कर्ता पुरुष आहे, आणि त्याची सत्ता धर्माच्या नावावर चालते. सभाबंदी आहे, वाचनबंदी आहे, आणि आज्ञाभंगाला शिक्षाही आहे.

या राज्यातून यमूची एकदा सुटका होते. नवऱ्याबरोबर ती मुंबईस जाते, वेगळे बिऱ्हाड थाटते, वाचू लागते, मोकळेपणी बोलू लागते. मुंबई हे तिचे नागपूर होय. परंतु तिच्या सुटकेला एकच आधार आहे, आणि तो म्हणजे रघुनाथरावांचा जीव. तो आधार तुटताच ती पुन्हा त्याच घराच्या हाती पडते, आणि तिच्या डोक्यावरचे केससुद्धा तिचे राहत नाहीत. तिच्यासाठी दार उघडणारे विद्यापीठ नाही, कुलगुरू नाही, सीमा ओलांडल्यावर लागणारा दुसरा मुलूख नाही. ज्याला तीनशे मैलांवर दुसरे राज्य सापडले अशा तरुणाने, जिला कोठेच दुसरे राज्य सापडत नाही अशा तरुणीची कथा आपल्या भाषेत नेली.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. नरसिंह रावांनी ही कादंबरी निवडली ती स्वतःच्या हकालपट्टीमुळेच, असा बाळबोध कार्यकारणभाव जोडणे हे टीकेचे काम नव्हे. भाषांतरकार कृतीची निवड अनेक कारणांनी करतो. आणि हरिभाऊंची ही कादंबरी मराठीबाहेर नेण्याजोगी आहे हे कळावयास निर्वासितच असावे लागते असे नाही. तथापि एखादी कृती एका विशिष्ट हातातून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा तिच्या अर्थाचा कोणता पदर उजळतो हे पाहणे टीकेच्या कक्षेत निश्चित येते. मराठी समीक्षेने ही कादंबरी सुधारणावादाच्या, वास्तववादाच्या आणि आत्मनिवेदनपद्धतीच्या संदर्भात बहुधा वाचली आहे. तिच्यातील घर हे एक राज्यही आहे, हे भान हैदराबादच्या वाटेने अधिक स्पष्ट होते.

दोन्ही नावांची तुलनाही बोधप्रद आहे. मूळ नाव हा एक प्रश्न आहे, आणि तोही अर्धवट तोडलेला. आरंभीचा 'पण' आधी काहीतरी बोलून झाले असल्याचे सुचवितो. ते बोलणे कोणी ऐकलेले नाही. 'घेतो' हे क्रियापद पुल्लिंगी आहे. मराठीत सामान्य कर्त्यासाठी पुल्लिंग वापरण्याची रीत आहे हे खरे. पण या कादंबरीच्या दाराशी उभे राहून ते क्रियापद नुसत्या रीतीचे वाटत नाही. लक्षात न घेणारा 'तो' आहे. तेलुगू नाव याउलट विधानात्मक आहे : अबलेचे जीवित. प्रश्नाची धार गेली, बोलण्याची लय गेली, वाचकावरचा आरोपही गेला. जे आले ते सर्वसामान्यत्व : ही एका यमूची कथा नव्हे, अबलांची आहे. आणि 'अबला' व 'जीवित' हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला जसे परिचित आहेत तसेच तेलुगू वाचकालाही. संस्कृताच्या समाईक ठेवीतून शब्द काढून पूल बांधावयाचा, आणि त्यासाठी घरगुती बोलीचा नखरा सोडून द्यावयाचा, ही भारतीय भाषांमधील अनुवादाची जुनी देवघेव आहे. हरिभाऊंची खरी किमया यमूच्या बोलीत आहे. म्हणून हा सौदा या कादंबरीच्या बाबतीत विशेष महाग पडतो. परंतु तो टाळण्याचा एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे भाषांतर न करणे.

६

नरसिंह रावांचे दुसरे मोठे भाषांतर उलट दिशेने झालेले आहे. विश्वनाथ सत्यनारायण यांच्या 'वेयिपडगलु' या विशाल तेलुगू कादंबरीचा त्यांनी 'सहस्रफण' या नावाने हिंदी अनुवाद केला. ही दोन भाषांतरे शेजारी ठेवली की वाचक थबकतो. हरिभाऊ परंपरेच्या घरात कोंडलेल्या स्त्रीची वेदना मांडतात. विश्वनाथ सत्यनारायण परंपरेचे गाव ढासळते आहे याचा शोक करतात. एकाला जे बंधन वाटते त्यात दुसऱ्याला आधार दिसतो. एकाच भाषांतरकाराने दोघांनाही आपला आवाज द्यावा, यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. परंतु भाषांतरकार हा पक्षाचा वकील नसतो. जेथे एकच शब्द मान्य आणि दुसरा निषिद्ध अशा राज्यात ज्याने तारुण्यात पाऊल ठेवले, त्याने परस्परविरुद्ध दोन युक्तिवाद सारख्याच निष्ठेने वाचकांपुढे नेले, तर त्यास स्वातंत्र्याचा एक धडा पचविल्याचे लक्षण म्हणता येईल.

त्याच्या पुढील कार्यातही जुन्या राजवटीचा एक प्रतिध्वनी ऐकू येतो. १९६८ मध्ये तेलुगू अकादमी हैदराबादेत अस्तित्वात आली. उच्च शिक्षणाची पाठ्यपुस्तके तेलुगूत तयार करणे हे तिचे कार्य, आणि तिचे अध्यक्ष १९७४ पर्यंत नरसिंह राव होते. अर्ध्या शतकापूर्वी याच नगरात उर्दू पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतरसंस्था उभी राहिली होती. ज्या राजवटीने त्यांना बाहेर काढले तिचे तत्त्व त्यांनी टाकले नाही. त्या तत्त्वाला योग्य भाषा जोडली. हैदराबादच्या उर्दू-फारसी वातावरणाने मराठीलाही सेतुमाधवराव पगडींसारखा बहुभाषाकोविद दिला, हेही येथे ध्यानात ठेवावे. जुलमी राज्याचा अंत इष्ट असतो. त्या राज्यातील सगळ्या विद्येचा अंत इष्ट असतोच असे नाही. तेवढा विवेक मुक्त झालेल्यांनी दाखवावा लागतो, आणि तो नेहमी दाखविला जातोच असे नाही.

याच न्यायाने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तारुण्यात जुलमातून सुटलेला माणूस पुढे सत्तेच्या बाजूस उभा राहिला असता त्याचे काय होते? १९७५ साली देशात आणीबाणी पुकारली गेली तेव्हा नरसिंह राव सत्ताधारी काँग्रेसच्या सरचिटणीसपदावर होते. त्या काळात बेंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात मधु दंडवते स्थानबद्ध होते. प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. सभा, वर्तमानपत्रे आणि परवानगी हे तिन्ही शब्द देशाने पुन्हा एकदा ऐकले. एकदा झालेली सुटका माणसाला आयुष्यभराची कवचकुंडले देत नाही. जुलूम ओळखण्याची शक्ती अनुभवाने येते; पण तिचा वापर प्रत्येक वेळी नव्याने ठरवावा लागतो.

१९९८ साली नरसिंह रावांची 'द इनसायडर' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत अफरोझाबाद नावाचे एक संस्थान आहे, आणि त्या संस्थानात वाढणारा आनंद नावाचा मुलगा आहे. हैदराबादचे प्रतिबिंब त्यात सहज ओळखू येते. साठ वर्षांनी लेखक आपल्या तारुण्याकडे वळला तो आत्मचरित्राच्या मार्गाने नव्हे, कल्पिताच्या मार्गाने. आणि तेलुगूत, उर्दूत किंवा मराठीत नव्हे, इंग्रजीत. संस्थानाचे नाव बदलले, मुलाचे नाव बदलले, आणि कादंबरीचे नाव मात्र 'आतला माणूस' असे ठेवले. ज्याच्या आयुष्याला वळण लागले ते बाहेर काढले गेल्यामुळे, त्याने स्वतःला शेवटी आतला म्हणवून घेतले, यात अभिमान किती आणि कबुली किती याचा निर्णय वाचकाने करावयाचा आहे.

७

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि गुलबर्गा, रायचूर, बिदर यांची राजधानी बेंगळूर झाली. प्रत्येक भाषेला आपले घर मिळाले. हे योग्यच झाले; त्यासाठीच पुष्कळांनी तुरुंग सोसले होते. परंतु त्याबरोबर एक गोष्ट संपली. औरंगाबादच्या, वरंगळच्या आणि गुलबर्ग्याच्या मुलांना एकाच आठवड्यात एकाच अपराधासाठी बाहेर काढले जाण्याची, आणि त्यामुळे एकमेकांची भाषा कानावर पडण्याची, परिस्थिती पुन्हा आली नाही. संकटाने जो शेजार घडविला होता तो स्वातंत्र्यात आपोआप टिकत नाही. तो जाणूनबुजून राखावा लागतो. मराठी आणि तेलुगू या दोन भाषांची सीमा शेकडो मैलांची आहे, आणि तरीही एकीतून दुसरीत थेट होणारी भाषांतरे त्या मानाने विरळाच आहेत.

१९८४ साली नरसिंह राव लोकसभेवर निवडून आले ते नागपूर जिल्ह्यातील रामटेक मतदारसंघातून. त्याच निवडणुकीत हणमकोंड्याने, म्हणजे ज्या गावाच्या महाविद्यालयातून त्यांचे नाव गेले होते त्याच गावाच्या मतदारसंघाने, त्यांना नाकारले होते. १९८९ मध्येही रामटेकनेच त्यांना निवडून दिले. हद्दपार यक्षाचा रामगिरी तो हाच, अशी एक परंपरागत समजूत आहे; परंतु यक्षाने त्या डोंगरावर राहून अलकेला निरोप धाडण्यापलीकडे काही केले नाही. त्या प्रदेशाची बोली शिकावी, तेथल्या माणसांचे सुखदुःख ऐकावे, ते आपल्या नगरीला सांगावे, हे त्याच्या मनातही आले नाही. वरंगळच्या विद्यार्थ्याने ते केले. त्याच्या राजकीय कारकिर्दीचे मूल्यमापन इतिहास करीत राहील आणि त्यात वादही होत राहतील. वाङ्मयाच्या हिशेबी मात्र त्याच्या नावावर एक निर्विवाद जमा आहे : ज्या भाषेच्या प्रदेशाने त्याला आसरा दिला, तिच्यातील एका स्त्रीचे न ऐकले गेलेले बोलणे त्याने आपल्या भाषेतल्या वाचकांच्या कानांवर घातले. आसऱ्याची परतफेड करण्याचे मार्ग अनेक असतील. साहित्याला ठाऊक असलेला मार्ग हाच आहे.